माझ्या रुखवतातले टाके

दादा माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठा, तरी आम्ही पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच वर्गात होतो. त्याला शाळेत एकट्यानं बसायची भीती वाटायची. रोज फाटकाला धरून रडायचा. मग अण्णांनी माझं वय थोडं वाढवून सांगितलं आणि मला त्याच्या शेजारी नेऊन बसवलं. म्हणजे मी शाळेत गेले ती शिकायला नव्हे, सोबत म्हणून. पुस्तकांचा एकच संच दोघांना पुरतो, हा पुढे सापडलेला फायदा. अण्णा ही हुशारी पाहुण्यारावळ्यांत मोठ्या कौतुकानं सांगायचे आणि मीही कौतुकानं ऐकायचे. अक्कल यायला वेळ लागतो.

अण्णा सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. आमचं मूळ गाव केमच्या बाजूचं, तिथली शेती थोरले काका बघायचे. आई घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, साडीला फॉल-पिको, असलं. दादा लहानपणापासून तिच्या मशीनजवळ घुटमळायचा. आठवीत असताना तो काजं करायला लागला आणि दहावीपर्यंत गळ्यावरचं भरतकाम आईपेक्षा सरस करायला लागला. गिऱ्हाईक बायका तो गळा उजेडात धरून म्हणायच्या, "ताई, तुमचा हात लई गोड हाय." आई "असू द्या, असू द्या" म्हणायची, आणि आतल्या खोलीत दार लोटून दादा पुढचा गळा भरत बसलेला असायचा. हात खरा कुणाचा, हे आमच्या घरातून कधी बाहेर गेलं नाही. त्याची सुरुवात आईनं केली. शेवट मी कसा केला, ते सांगायला हे लिहायला बसले आहे.

मला सुईचा मनापासून कंटाळा. दोरा ओवायचा म्हटलं की माझं डोकं चढायचं. मला गणित आवडायचं, आणि ते आवडतं हे कुणाला सांगायची वेळ कधी आली नाही, कारण दादाची गणितं मीच सोडवून द्यायचे. ती सोबतीचाच एक भाग होती.

बारावीला मला गणितात पंच्याण्णव पडले आणि दादा पास झाला. निकालानंतरच्या रविवारी काका केमहून पॅसेंजरनं आले. आमच्याकडे असले निर्णय काकांशिवाय होत नसत. चहा झाला, आणि कुणी विचारायच्या आत दादाच बोलला, "अण्णा, मला ड्रेस डिझायनिंगचा डिप्लोमा करायचाय."

अण्णांना आधी कळलंच नाही. "म्हंजी काय असतंय?"

दादानं सांगितलं. कापडाचा अभ्यास, मापं, कटिंग, डिझाइन. तो सांगत होता तेव्हा त्याचे हात हवेत कापड धरल्यासारखे चालले होते. आयुष्यात एवढं सलग बोलताना मी त्याला तेव्हाच पाहिलं.

"म्हंजी झंपर शिवायचे," अण्णा म्हणाले. "हापिसात लोकांनी इचारलं तर काय सांगू? पोरगं पोरींच्या वर्गात बसून झंपर शिवायला शिकतंय?"

काका मिस्कील माणूस. ते म्हणाले, "मशीनच चालवायचंय न्हवं तुला? मग मेकॅनिकल घे की. त्यात बी मशीनच हाय."

सगळे हसले. अण्णा हसले, आई दारातून हसली, मी हसले. दादाही हसला. त्या वेळी तो हसला नसता तर पुढचं काही टळलं असतं का, असा विचार मी पुष्कळदा करते. पण बाप आणि चुलता हसत असताना अठरा वर्षांच्या मुलानं दुसरं करायचं तरी काय?

गंमत म्हणजे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना होता. सकाळपासून तिथे तीसेक पुरुष ओळीनं मशीनवर बसलेले असायचे. मिशावाले, तंबाखू मळणारे, घरी चार-चार पोरं असलेले. मुलींचे पिनाफोर शिवायचे, फ्रॉकला झालर लावायचे. त्यांना कुणी बायकी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते पोटासाठी शिवत होते, त्यामुळे त्यांना माफ होतं. आवडतं म्हणून शिवायचं आणि वर त्याचं कॉलेज करायचं, हे मात्र चालण्यासारखं नव्हतं. अण्णांच्या हिशेबी त्यात दोन्हीकडून लाज होती. शिंपीकाम म्हणून हलकं आणि शिक्षण म्हणून बायकांचं.

त्याच बैठकीत मीही तोंड उघडलं. म्हटलं, मेकॅनिकलला मी जाते. माझ्यावर कुणी रागावलं नाही. अण्णांनी हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला अजून राग आणतो. खरं कारण मला त्या दुपारी कळलं. स्वयंपाकघरात ते आईला सांगत होते, "ती इंजिनेर झाली आन् हे शिवत बसलं, तर ह्याला पोरगी कोन देईल? भाऊ भनीच्या खाली दिसला न्हाय पायजे."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "व्हय, ते बी खरंच की."

दादाला गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला घातलं आणि मला मुलींच्या कॉलेजात होम सायन्सला. त्यातही सायन्स आहेच, असं अण्णांनी मला समजावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा आमची पुस्तकं वेगळी झाली, आणि दोघांचीही चुकीची झाली.

मग आम्ही जे केलं ते कुठल्याही भावंडांनी केलं असतं. दादाला दर आठवड्याला इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं एक मोठं शीट काढून द्यावं लागायचं. मला शिवणाच्या नमुन्यांची फाइल करायची होती. एका पानावर एक नमुना : धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काज, चुण्या, रफू. पहिल्या शीटवर दादानं तीन वेळा रबर फिरवून कागद फाडला. मी माझ्या पहिल्या नमुन्यावर बोटातून रक्त काढून कापड डागाळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्यानं माझ्या मांडीवरचं कापड उचललं.

दोन वर्षं आम्ही असंच केलं. संध्याकाळी जेवणं आटोपली की टेबलाच्या एका बाजूला मी नट-बोल्टचे छेद काढायचे, दुसऱ्या बाजूला तो खाली मान घालून टाके घालायचा. अण्णा बाहेरून "अभ्यास चाललाय न्हवं?" म्हणायचे आणि आम्ही "हो" म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले तेच दिवस सुखाचे. मला एखादं यंत्र समोरून, वरून, बाजूनं असं डोक्यात फिरवता यायचं, आणि ते कागदावर उतरलं की पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. त्याला कसं वाटायचं हे विचारायची गरज नव्हती. तो शीळ घालायचा.

कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या फाइलला पहिला नंबर मिळाला. बाईंनी ती सगळ्या वर्गांत फिरवली. प्रत्यक्ष परीक्षेत मी वाकडेतिकडे टाके घातले, तर त्या म्हणाल्या, "घाबरतेस गं तू परीक्षेला." तिकडं दादाच्या शीटला चांगले मार्क, पण तोंडी परीक्षेत ही रेघ कशाची म्हणून विचारलं की हा गप्प. बाकीच्या विषयांत तर मी काही करू शकत नव्हते. पेपर काही घरी आणून सोडवता येत नाहीत. विषय राहत गेले आणि दुसऱ्या वर्षाला तो इयर डाउन झाला.

त्या दिवशी तो पुन्हा अण्णांपुढं उभा राहिला. या वेळी कुणी हसलं नाही, कारण काका नव्हते. तो एवढंच म्हणाला, "मला ह्यातलं काय येत न्हाय अण्णा. मला ते दुसरं करू द्या."

अण्णा म्हणाले, "आता भनीचं बघायला लागतंय. पाव्हणे यायला लागल्यात. तिचं लगीन होऊ दे, मग बघू."

'मग बघू' हे नाही म्हणण्याचं आमच्याकडचं सभ्य रूप आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. दादानं मात्र ते वचन समजून धरून ठेवलं.

मला बघायला माळशिरसचे लोक आले. ऊस, बैठं मोठं घर, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. आईनं टेबलावर दादानं भरलेला टेबलक्लॉथ टाकला होता, भिंतीवर त्यानंच केलेला मोर चौकटीत लावला होता. सासूबाईंनी पोह्याची बशी बाजूला ठेवून टेबलक्लॉथ हातात घेतला. "हे पोरीनं केलंय?"

"व्हय, सगळं तिनंच," आई म्हणाली.

दादा पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. माझ्याकडं बघून त्यानं हळूच डोळा मारला. आम्हां दोघांना तेव्हा ती मस्करी वाटली. तीन दिवसांनी होकार आला, आणि माळशिरसात मुलीच्या हातच्या कलेची चर्चा चालू आहे असा निरोपही आला. म्हणजे मला पसंत केलं ते दादाच्या हातावर. माझ्या पंच्याण्णव मार्कांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात एका लांब टेबलावर ठेवायच्या, आणि वऱ्हाडातल्या बायकांनी त्या उचलून, उलटून बघायच्या. आजकाल बाजारात तयार रुखवत मिळतं. पण माळशिरसात माझ्या हाताचा एवढा बोलबाला झाल्यावर तयार आणायची सोय राहिली नव्हती. दादानं तीन महिने घेतले. उशांचे अभ्रे, तोरणं, झबली-टोपड्यांचा बाळंतविडा, कापडाची छोटी पालखी. आणि आईच्या जुन्या साड्यांचे काठ जोडून केलेली एक रजई. त्या रजईवर त्यानं केलेलं काम मी नीट वर्णन करू शकत नाही, कारण मला त्यातलं कळत नाही. एवढंच सांगते, की तिच्यावर झोपायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

अण्णांना हे सगळं माहीत होतं. दाराबाहेरून जाताना ते खाकरायचे आणि पुढं जायचे. मुलीच्या लग्नाचं काम म्हटल्यावर त्यांना पोराचं शिवण चालत होतं.

लग्न सोलापुरातच, एका कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या, आणि सासूबाई मला त्यांच्या बायकांची ओळख करून द्यायला रुखवताच्या टेबलाशी घेऊन गेल्या. तिथं माझ्या नवऱ्याच्या आत्या उभ्या होत्या. पुण्यात त्यांचा शिवणाचा मोठा क्लास आहे, हे मला आधी सांगितलेलं होतं. इतर बायका वस्तू उचलून "किती छान गं" म्हणत होत्या. आत्यांनी रजईचा कोपरा उलटला आणि मागची बाजू बघितली. मग चष्मा लावून पुन्हा बघितली.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. "खरं सांग हं. बाहेरून करून घेतलं असेल तरी मला चालेल, मला फक्त तो माणूस पाहिजे. माझ्याकडं असा एक हात नाही. शिकायची तयारी असेल तर मी पुण्याला ठेवून घेते, डिप्लोमाला घालते. तू केलंस का?"

दादा तिथंच होता. खांद्यावर पाण्याचा जार घेऊन पंगतीकडं निघाला होता, तो टेबलापलीकडं थांबला. जार खाली न ठेवता तो माझ्याकडं बघत उभा राहिला.

मला एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं. हे मी आज शहाणपणानं म्हणत नाही, मला त्या क्षणी ते कळलं होतं. मुलाकडच्या माणसाचा शब्द होता तो. अण्णांनी दादाचं ऐकलं नसतं, माझं ऐकलं नसतं, पण लेकीच्या सासरच्या आत्यांनी 'पोराला माझ्याकडं द्या' म्हटलं असतं तर नाही म्हणायची अण्णांची छाती झाली नसती. तीच माणसं होती, ज्यांच्यापुढं माझा बाप सकाळपासून हात जोडून फिरत होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. आणि अण्णा तिथं नव्हते. आई नव्हती. मला कुणी डोळ्यांनी खुणावलं नाही, कुणी चिमटा काढला नाही. मी मोकळी होते.

पण शेजारी नवऱ्याचे मित्र उभे होते. फोटो काढायला आलेले, दांडगे, मोठ्यानं हसणारे. माझा भाऊ बाळंतविडे शिवतो, झबल्यांवर फुलं काढतो, हे त्यांनी ऐकलं तर काय होईल ते मला दिसलं. ते हसतील. नवरा ओशाळेल. माळशिरसच्या घरात माझ्या भावाला एक नाव पडेल आणि ते मला जन्मभर ऐकावं लागेल. मला दादाची लाज वाटली. अण्णांना वाटली होती तीच, तेवढीच.

"मीच केलंय," मी म्हटलं.

आत्या खूश झाल्या. "मग पुण्याला ये माझ्याकडं!"

"आमची सून कुटं येतीय पुण्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. दादानं जार दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि तो पंगतीकडं गेला. पाठवणीला त्यानं माझी बॅग गाडीत ठेवली, नीट जा म्हणाला. तो या विषयावर माझ्याशी त्या दिवशीही बोलला नाही आणि नंतरही नाही.

लग्नानंतर अण्णांना काही बघायची गरजच पडली नाही, कारण दादानं परत विचारलंच नाही. दोन महिन्यांनी ओळखीनं त्याला एमआयडीसीत एका कारखान्यात चिकटवलं. लेथवर हेल्पर, आता ऑपरेटर आहे. त्यानं मिशा वाढवल्या, आवाज वाढवला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. दिवाळीला गेले की तो बायकोला बसल्या जागेवरून पाणी मागतो. आई पुढं डोळ्यांनी अधू झाली आणि तिचं मशीन झाकून ठेवलं गेलं. वहिनीला ब्लाउजला हूक लावायचं असलं की ती गल्लीतल्या शिंप्याकडं जाते. आपल्या नवऱ्याला सुई धरता येते हे तिला माहीत नाही.

मी माळशिरसात मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. शिवणाचा विषय निघाला की लेकरं, पाहुणे, घरची कामं, वेळ कुठला, असं म्हणून मी वर्षानुवर्षं वेळ मारून नेली. गेल्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा ते जमेना. सासूबाई म्हणाल्या, "रुखवत तू करायचं. तुज्यासारका हात आख्ख्या तालुक्यात न्हाय. लई झालं आता येळ न्हाय म्हनायचं."

मी म्हटलं, सवय गेली. त्या म्हणाल्या, हाताची सवय जात नसती. मी म्हटलं, तयार आणू. त्यांचं तोंड उतरलं. नणंदही कोपऱ्यात खट्टू होऊन बसली, वहिनीला आपल्यासाठी एवढंही करवत नाही म्हणून. मला ते सहन झालं नाही, आणि खरं तर मी थकले होते. जे त्या टेबलाशी बोलायला हवं होतं ते मी सोळा वर्षांनी स्वयंपाकघरात बोलले.

"आई, ते मी केलंच नव्हतं. माझं रुखवत दादानं केलंय. रजई, टेबलक्लॉथ, सगळं."

सासूबाई खो-खो हसल्या. "करायचं नसलं तर न्हाय म्हन की सरळ! भावाच्या नावावर कशाला ढकलतीस? त्यो मिशावाला गडी आन् बाळंतविडा?"

मी शपथ घेतली. तेव्हा त्यांनी माझाच मोबाइल उचलला, दादाला लावला आणि स्पीकर चालू केला. नणंदही उठून जवळ आली. कारखान्याला सुट्टी होती, मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"काय पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या, "तुमची भन म्हनतीय, तिचं रुखवत तुमी केलतं. खरं हाय का वो?"

मी वाट बघत होते. तो चिडेल, मला सुनावेल, तुझ्याच हातचं म्हणालीस की तेव्हा, असं काहीतरी बोलेल. बोलावं, अशी माझी फार इच्छा होती.

"छ्या!" दादा हसला. "बायकांची कामं मला कुटली येत्यात मामी? तीच बसायची रोज शिवत. मी आपला शेजारी बसून माजं ड्रॉइंग काढायचो."

सासूबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि फोन ओट्यावर ठेवला. मी त्याच्या आवाजात टोमणा शोधत होते. तो कुठंच नव्हता.